वहीची मागची पानं

पिवळ्या पिशवीत सुई नसते.
हे मला अकरा वर्षांपूर्वी भिंतीवरच्या तक्त्यानं शिकवलं.
पिवळीत कापूस, पट्ट्या, रक्तानं भिजलेलं जे जे ते,
लालमध्ये नळ्या,
आणि सुई पांढऱ्या डब्यात, जाड बुडाच्या,
जिथून ती परत कुणाला टोचत नाही.

तरी ती पिवळीत होती.
गाठ मारायला पिशवी मांडीशी धरली
आणि जो हातमोजा आठवडाभर पुरवायचा असतो
त्यातून ती आत आली,
मुंगी चावावी एवढीच.

पहाटेचे पावणेपाच. दुसरा मजला, पुरुष वॉर्ड.
खाली त्र्यंबक रोडवर दुधाच्या गाड्या सुरू झालेल्या.
मी बोट पिळलं. सिस्टर ओरडली, पिळू नका लंकाबाई,
नळाखाली धरा, साबण लावा, धरूनच ठेवा.
धरून ठेवलं.
तिकडे रामकुंडात लोक एका बुडीत
सात जन्मांचं धुऊन घेतात म्हणे.
मला एकाच थेंबाचं धुवायचं होतं,
आणि तो थेंब कुणाचा, ते ठाऊक नव्हतं.

सुपरवायझर म्हणाला, हे रजिस्टर कायम कर्मचाऱ्यांचं.
तुम्ही ठेकेदाराच्या.
ठेकेदाराचा माणूस अंबडला बसतो.
तो म्हणाला, लस? तुमचं नाव होतं की यादीत,
पण यादी गेल्या वर्षीच्या एजन्सीची.
मग फोन तसाच धरून
कुणाला तरी डब्यात भाजी काय ते विचारू लागला.

रक्त काढलं. आज काही कळत नाही, म्हणाले.
दीड महिन्यानं या, मग तीन, मग सहा.
अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या,
अठ्ठावीस दिवस भाकरीचा वास सहन झाला नाही.

फुलेनगरला घरी कुणाला सांगितलं नाही.
फक्त नेलकटर वेगळं केलं.
विळीवर बसायचं टाळलं.
नवऱ्याकडे पाठ करून झोपले,
त्यानं त्याचा भलताच अर्थ लावला.

उत्पला दहावीला आहे. तिनं नेलकटर बघितलं,
गोळ्यांची बाटली बघितली,
काही विचारलं नाही.
गणिताची वही उलटी करून माझ्यापुढं ठेवली.
लिही, म्हणाली. तारीख, वेळ, वॉर्ड, बोट कुठलं.
त्यांच्यात नाही ना, मग ह्याच्यात.
त्या चौकोनांत माझं अक्षर मावेना.

वही डब्याच्या पिशवीतून कामावर जाऊ लागली.
लाँड्रीतला भिकाजी आधी हसला.
मग म्हणाला, माझा खोकला लिही,
टीबी वॉर्डच्या चादरी झटकायला लावल्या तेव्हापासूनचा.
तारीख नाही आठवत,
द्राक्षांची छाटणी चालू होती.
मथुराबाईनं नुसते हात पुढं केले.
पोछ्याच्या पाण्यात बोटांवरच्या रेघा गेल्या तिच्या.
हजेरीचं मशीन तिला ओळखत नाही,
त्या दिवशीचा पगार कापला जातो.
ती वॉर्ड पुसत असते तेव्हा
मशीनच्या लेखी ती घरी असते.

माझे दोन रिपोर्ट साफ आले.
बघा, सुपरवायझर म्हणाला, उगाच घाबरलात.
तिसरा दिवाळीनंतर.

परवा रात्री ती सिस्टर चहा घेऊन आली.
सुरगाण्याची पोरगी, बावीस वर्षांची,
सोळा तास उभी.
म्हणाली, मावशी, माझ्याच हातून गेली असेल ती.
बरं वाटावं असं माझ्या तोंडात काही आलं नाही.
चहा प्यायले.
मग तिनंच वही मागितली, उभ्यानंच लिहिलं:
पांढरा डबा तीन दिवस गळ्यापर्यंत भरलेला.
नवा दोनदा मागितला. आला नाही.
खाली सही, पूर्ण नावाची.

पुढून उत्पलाची समीकरणं येताहेत,
मागून आम्ही.
मधली कोरी पानं तिनं मोजली, मला आकडा सांगितला नाही.
सिस्टरच्या ओळी वाचून
'पांढरा'वर राहिलेला अनुस्वार तेवढा
लाल पेननं दिला.